शीट म्हणजे चादर नव्हे

दहावीच्या इंग्रजीच्या गाइडात मागच्या बाजूला वाक्प्रचारांची यादी असते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, खाली नमुन्याचं एक वाक्य. मुलं ती घोकतात, मार्चमध्ये उत्तरपत्रिकेत ओततात आणि जूनपर्यंत विसरून जातात. दाभोळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा माझ्याही हातात हीच यादी होती. फरक एवढाच, की वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसायची आणि समोर बसलेल्या बऱ्याच मुलांची घरं त्या खाडीवर चालायची. कुणाचे वडील नाखवा, कुणाचे तांडेल, कुणाची आई लिलावात मासळी घेणारी, कुणाचा मामा ‘शिपवर’. यादीतले कितीतरी वाक्प्रचारही जहाजावरूनच आलेले. पण हे गाइडात कुठं लिहिलेलं नव्हतं.

‘बाय अँड लार्ज’ घ्या. त्याच्यापुढं ‘एकंदरीत’ असं छापलेलं. चूक काहीच नाही, पण त्यात जीवही नाही. मी फळ्यावर होडी काढली आणि वाऱ्याचे बाण काढले. वारा पुढच्या अंगाकडून येतोय, त्याला जेमतेम झेलत होडी काढायची, ही एक चाल; तिला इंग्रज खलाशी ‘बाय द विंड’ म्हणायचे. वारा मागून मोकळा मिळाला की दुसरी चाल, ती ‘लार्ज’. एरवी गप्प बसणारा मागच्या बाकावरचा मुलगा बोलला, “म्हणजे सर, वारा कुठूनपण येऊ दे, ती नीट चालते.” याहून चांगली व्याख्या मला कुठल्या कोशात मिळाली नसती. त्याला इंग्रजीत काठावर गुण मिळायचे. पण खारे वारे आणि मतलई वारे त्याला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

तिथून मी यादी बाजूला ठेवली आणि वाक्प्रचार घेऊन धक्क्यावर जायला लागलो.

‘थ्री शीट्स इन द विंड’चा अर्थ गाइडात दिला होता: दारूच्या नशेत असणे. एका मुलीनं वहीत त्याच्यापुढं दोरीवर वाळत घातलेल्या तीन चादरी काढल्या होत्या. तिला काय बोलणार? इंग्रजी शिकलेली मोठी माणसंही इथं घसरतात. फार तर शीट म्हणजे शीड, असं समजतात. जहाजावरची शीट म्हणजे दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला आणि शीड हवं तेवढं ताणून धरणारा दोर.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल जाळं दुरुस्त करत बसायचे. तरुणपणी शिडाच्या पडावातून मंगलोरी कौलं आणलेली, पुढं इंजिनं आल्यावर मासेमारीत उतरलेले. इंग्रजीचा गंध नाही. मी त्यांना वाक्प्रचार सांगितलाच नाही. नुसतं विचारलं, “काका, शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर सुटला तर काय होतं?”

“शीड फडफडतं. वारा धरत नाही. मग होडीला चाल राहत नाही, मास्तर. लाट आली की हिकडं, लाट आली की तिकडं.”

“आणि तीन दोर सुटले तर?”

त्यांनी हातातली सुई थांबवली. “तीन? मग काय, बाजाराच्या दिवशी रात्री माणूस घरी जातो तशी.”

लंडनच्या रंगेल जीवनावर लिहिणाऱ्या पिअर्स ईगननं १८२१च्या सुमाराला हा प्रयोग छापला, तो याच अर्थानं. आमच्या तांडेलांनी ईगन वाचायचं कारण नव्हतं. ज्या अनुभवातून तो शब्द निघाला, तो अनुभव त्यांच्या हाताला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्यांचंच वाक्य सांगितलं. त्या वर्षी परीक्षेत हा वाक्प्रचार आला नाही, पण त्या वर्गातली मुलं आता चाळिशीला पोचली तरी तो विसरलेली नाहीत. रस्त्यात कुणी झुलताना दिसला की अजून मला खुणावतात, “सर, शीटा सुटल्या.”

‘इन द ऑफिंग’ तर आमच्याकडे शिकवावाच लागत नाही. किनाऱ्यावरून दिसणारा लांबचा समुद्र म्हणजे ऑफिंग. वाशिष्ठीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यामुळे भरलेली होडी पाणी चढेपर्यंत बाहेर थांबते. दिसते, पण आलेली नसते. घरी चुलीवर आधण ठेवायला हरकत नाही, एवढी मात्र जवळ असते. गाइडात ‘नजीकच्या काळात घडणारे’ असा अर्थ आहे. तो पाठ करायला मुलांना दोन दिवस लागायचे. ‘होडी तोंडाला दिसली’ म्हटलं की तेच एका दमात कळायचं.

‘द बिटर एंड’ला मुलं ‘कडू शेवट’ म्हणत. त्यांचंही अगदीच चुकत नाही, कारण कडूपणाची छटा त्या शब्दात मागाहून मिसळली आहेच. पण कॅप्टन जॉन स्मिथनं १६२७ साली खलाशीविद्येवर जे पुस्तक लिहिलं, त्यात ‘बिटर’ म्हणजे जहाजावरच्या ‘बिट’ नावाच्या खुंटांना नांगराच्या दोराचा दिलेला वेढा, आणि त्याचं टोक म्हणजे दोराचं जहाजात राहणारं टोक. नांगर टाकला, दोर सोडत गेलो, सोडत गेलो आणि खुंटाशी आलो. आता द्यायला दोर उरला नाही. उधाणात नांगरलेल्या होडीवर रात्र काढलेल्या माणसाच्या मुलाला हे सांगितलं की तो लगेच मान डोलावतो.

इथं एक तक्रार करून घेतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतले मराठी वाक्प्रचार बहुतेक घाटावरचे. बैल, नांगर, मोट, देऊळ, लढाई. शेतातला नांगर सगळ्यांना ठाऊक. पाण्यातला नांगर कुणी विचारत नाही. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश चाळला तर दर्यावरचं बरंच काही सापडतं, पण ते शाळेपर्यंत पोचत नाही. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ हे सगळा महाराष्ट्र म्हणतो. काथ्या वळताना पाहिलेली आमची मुलं हे वाक्य ऐकून जी हसतात, ते हसू वेगळं असतं.

इंग्रजांनी आपली समुद्राची भाषा एकट्यानं घडवलेली नाही, हेही मुलांना सांगायला मला आवडायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर इथल्या किनाऱ्यांवरचे खलाशी असत. त्यांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. आपल्या ‘लष्कर’चाच तो भाऊ. त्यांच्यावरचा अधिकारी ‘सेरंग’, म्हणजे सारंग. त्याच्या हाताखाली ‘टिंडल’, म्हणजे तांडेल. वर्गात सारंग आणि तांडेल आडनावाची मुलं बसलेली असताना हे सांगितलं, की ती ताठ होऊन बसतात. जहाजावर हुकूम द्यायचे तर गोऱ्या अधिकाऱ्याला या खलाशांची बोली यायला हवी, म्हणून टॉमस रोबक या लष्करी माणसानं १८११ साली कलकत्त्यात तिचा कोश छापला. फारसी, अरबी, पोर्तुगीज, हिंदुस्तानी आणि किनाऱ्यावरच्या बोली अशी सगळी मिसळ त्यात होती. ही बोली मेली असं म्हणतात, ते अर्धंच खरं. क्रेनखाली उभा राहून ‘आरिया’ असं ओरडणारा खलाशी आजही पोर्तुगीज बोलत असतो. माल खाली सोड, एवढंच त्याला म्हणायचं असतं.

आता दुसरी बाजू. व्युत्पत्तीची गोडी लागली की माणूस भोळा होतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, पुढं मोबाइलवर, असल्या गोष्टींचा पूर येतो आणि त्यातल्या पुष्कळ निव्वळ थापा असतात. ‘पॉश’ची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. विलायतेहून हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू सावलीची, परत जाताना उजवी. श्रीमंत उतारू त्या खोल्या घेत आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची चार आद्याक्षरं त्यांच्या तिकिटांवर मारलेली असत. गोष्ट इतकी नेटकी, की खोटी म्हणायला जीव होत नाही. पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि ही गोष्ट छापून आली तीसुद्धा शब्द रुळल्यावर बऱ्याच वर्षांनी. शब्द बहुधा रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. तो आधी अर्ध्या पेनीला, मग पैशाला, मग पैसेवाल्या छानछोकीला लागला. रोमानी ही आपल्याच भाषांच्या कुळातली, म्हणजे शब्दाचा हिंदुस्थानशी संबंध असेल तर तो असा, बोटीच्या तिकिटातून नव्हे.

पी अँड ओच्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खलाशांनी पिढ्यान्‌ पिढ्या नोकऱ्या केल्या. त्यातल्या एका चाचांना मी ही पॉशची गोष्ट सांगितली. सगळी शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “साहेबलोकांच्या पेट्या आम्हीच तर चढवल्या. कुठल्या पेटीवर असलं काही नव्हतं.” आणि मग तपकीर ओढून, “पण गोष्ट झकास हाय.”

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चं तसंच. पूर्वी इंग्लंडात गवतानं शाकारलेली छपरं असत, ऊब मिळावी म्हणून कुत्री-मांजरं त्यात झोपत, पाऊस लागला की घसरून खाली पडत, असं सांगतात. हे मी वर्गात नुसतं वाचून दाखवलं आणि गप्प राहिलो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं लगेच हात वर केला. तिच्या आजीचा गोठा शाकारलेला होता. “सर, पावसात मांजर छपरावर कशाला जाईल? ती चुलीजवळ येऊन बसते.” वर्ग हसला, पण मुद्दा बिनतोड होता. शाकारणीच्या आत पाणी शिरतच नाही, म्हणून तर शाकारतात. ऊब हवी असलेलं जनावर वरच्या बाजूला जाऊन कशाला बसेल? ही छपराची कहाणी १९९९च्या सुमाराला ईमेलवरून जगभर फिरलेली. वाक्प्रचार स्विफ्टच्या १७३८च्या पुस्तकात आहे, आणि त्याच्याही आधी असले प्रयोग सापडतात. तो का रूढ झाला, याचा खात्रीचा पुरावा कुणाकडेच नाही. मुलांना मी दोन गोष्टी विचारायला शिकवलं: पहिल्यांदा छापलं कधी, आणि ते काम करणाऱ्या माणसाला हे पटतं का. गोष्ट जितकी गोड, तितकी आधी या दोन चाळण्यांतून घालायची.

मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर मला ‘हॉब्सन-जॉब्सन’ची जाड प्रत मिळाली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा केलेला हा कोश १८८६ साली निघाला. नावसुद्धा बोलीतलंच: मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी असा ऐकला. या कोशात चिठ्ठीची ‘चिट’ आहे, पक्क्याचं ‘पक्का’ आहे, अव्वल मालाला म्हणायचं ‘द चीझ’ आहे. ते दुधाचं चीज नव्हे, आपली ‘चीज’, असं यूलचं म्हणणं. असलेच आणखी शब्द पुढं गोऱ्या पलटणींबरोबर विलायतेला गेले. ‘ब्लायटी’ म्हणजे विलायती. ‘डूलाली’ म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली. तिथल्या छावणीत मुदत संपलेले शिपाई घरी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌ महिने बसत. काम नाही, ऊन मरणाचं, दारू स्वस्त. त्यांची डोकी फिरत. ‘डूलाली टॅप’ म्हणजे देवळालीचा ताप. इंग्लंडात आजही भ्रमिष्टाला ‘डूलाली’ म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याचा भाऊ देवळालीच्या तोफखान्यात होता. त्यानं ही माहिती भावाला पत्रानं कळवली. उत्तर आलं, की ताप अजून आहे, पण तो उन्हाचा.

आणि त्याच कोशात ‘डाबुल’ अशी नोंद मिळाली. वाशिष्ठीच्या उत्तर तीरावरचं, एके काळचं कोकणातलं नामांकित बंदर. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परत जाताना इथूनच जहाजावर चढला, इतकी इथून पश्चिमेची ये-जा. पण नाव कोशात असणं वेगळं आणि नावाचा वाक्प्रचार होणं वेगळं. दाभोळचा तोही झाला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. त्या डिसेंबरच्या अखेरीला दीवकडे जाताना बापानं दाभोळवर उतरून बाया-मुलांसकट कत्तल केली आणि गाव जाळलं. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकून त्यानं सूड पुरा केला. त्यानंतर या किनाऱ्यावर एक शाप रूढ झाला: दाभोळवर फिरंग्यांचा कोप झाला तसा तो तुझ्यावर होवो. मराठीत ‘पानिपत होणे’ आहे, तसं या किनाऱ्यावर एके काळी ‘दाभोळ होणे’ होतं म्हणायचं.

हा शाप पोर्तुगीज बखरकारांमुळे टिकला. दाभोळात मी तो कुणाच्याही तोंडी ऐकलेला नाही. गावात अंडा मशीद आहे, गुहेतली चंडिका आहे. जळालेल्या बंदराची कहाणी ऐकायची तर जाळणाऱ्यांच्या पुस्तकात जावं लागतं. वर्गात हे सांगितलं तेव्हा एरवी बोलणारी मुलंही बोलली नाहीत. एकानं तेवढं विचारलं, “सर, यादीत हा का नाही?”

गावाच्या नावाचं असं दुसऱ्यांदाही झालं. पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलला एनरॉनचा वीजप्रकल्प आला आणि कंपनीनं नाव घेतलं दाभोळचं. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला. पुढं काही वर्षं इंग्रजी व्यापारी बातम्यांत ‘दाभोळ’ म्हणजे फसलेला करार. फेरीबोटीतून धोपाव्याला उतरणारा पाहुणा आजही विचारतो, “दाभोळचा प्रकल्प दाभोळात नाही?” नाही. नाव तेवढं आमचं गेलं.

निवृत्तीनंतर मी बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पोरांचं इंग्रजी घ्यायला लागलो. वाटलं होतं, आता आपल्या जहाजी वाक्प्रचारांना खरे धनी मिळाले. झालं उलटंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये जहाजावरच्या बोलण्याचं ठरावीक इंग्रजी मंजूर केलं, ‘स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेझेस’. एका गोष्टीला एकच शब्द. ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ असली संदिग्ध क्रियापदं टाळायची. आकडे सुटे उच्चारायचे: दीडशेला ‘वन फाइव्ह झीरो’. ऐकू आलं नाही तर ‘व्हॉट’ नव्हे, ‘से अगेन’. वाक्प्रचाराला तर दारातच मज्जाव. कप्तान कोरियन, चीफ इंजिनिअर युक्रेनियन, बोसन फिलिपिनो आणि सुकाणूवर दाभोळचा पोरगा. तिथं कुणी ‘टेकन अबॅक’ म्हणालं तर जहाज खडकावर जायचं. मी शिकवलेला एक मुलगा सुट्टीवर आला तेव्हा सांगत होता, “सर, तुमचं सगळं आठवतं, पण ब्रिजवर एक शब्द वापरत नाही. रात्री मेसमध्ये मात्र फिलिपिनोला शीटांची गोष्ट सांगितली. त्याच्या गावातपण शिडाच्या होड्या आहेत. त्याला लगेच कळली.”

मला हे योग्यच वाटतं. ज्या डेकवर हे शब्द जन्मले, त्याच डेकनं आज ते बंद केले, यात हळहळण्यासारखं काही नाही. ज्यांच्यात काम एक, त्यांच्यात ते शब्द चालतात. इतरांनी ते ऐकून समजावेत. न पाहिलेल्या कामाचा वाक्प्रचार लिहिण्यात खोचायची मात्र गरज नाही.

म्हणून दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या क्लासवाल्यांना एक सांगणं. ‘अ रेनी डे’ या निबंधाच्या पहिल्याच ओळीत कुत्री-मांजरं पाडू नका. उत्तरपत्रिका तपासताना अख्ख्या गठ्ठ्यात मी तीच वाचली आहेत, आणि त्यांचा वाढीव गुण कुणालाही दिलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाडीचं पाणी रस्त्यावर आलं, फेरीबोट बंद राहिली, शाळा लवकर सोडली, एवढं साध्या इंग्रजीत लिहा. पूर्ण गुण मिळतात.